विश्लेषण : पेण-रोह्यावरून जाणाऱ्या मालगाडीच्या सुरक्षेवर राज्याचा अधिकार किती?

पनवेलहून निघालेली मालगाडी पेण, कासू, नागोठणे करत रोह्याला पोहोचते आणि तिथून पुढे कोकण रेल्वेच्या हद्दीत शिरते. वाटेत ती वस्त्या, भातशेती, कारखाने आणि फाटके ओलांडते. याच रुळांवरून दिवा-रोहा लोकल प्रवासी, कोकणातले चाकरमानी आणि वंदे भारतचे प्रवासीही जातात. गाडीचे बेअरिंग तापले, चाक चपटे झाले किंवा रुळाला तडा गेला, तर ते वेळेत ओळखायचे कुणी? त्यासाठी यंत्रे बसवण्याची सक्ती कुणी करायची? आणि रायगड जिल्ह्यातला हा प्रश्न महाराष्ट्राच्या विधिमंडळाला कायदा करून सोडवता येईल का?

हा मार्ग महत्त्वाचा का आहे?

पनवेल ते रोहा हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर आहे. त्यातला पेण ते रोहा हा टप्पा चाळीसेक किलोमीटरचा. रोह्यापर्यंतचा मार्ग मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाकडे आहे, तर रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंतचा मार्ग कोकण रेल्वे महामंडळाकडे. म्हणजे मुंबई-पनवेलकडून कोकण, गोवा आणि मंगळूरकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना हा टप्पा पार करावा लागतो.

मालवाहतुकीच्या दृष्टीने या पट्ट्याचे वजन आणखी मोठे आहे. पेणहून अलिबाग तालुक्यातल्या थळकडे एक फाटा जातो. तिथल्या खत कारखान्यासाठी तो टाकला गेला. अलिबागकर गेली कित्येक वर्षे या मार्गावर प्रवासी गाडी मागत आहेत, पण तो मालवाहतुकीपुरताच राहिला आहे. पेण तालुक्यातच डोलवीला मोठा पोलाद कारखाना आहे, नागोठण्याला पेट्रोकेमिकल संकुल आहे, रोह्याला धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. रोह्याच्या पुढचे स्टेशन कोलाड. २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते गोव्यातल्या वेर्णापर्यंत रो-रो सेवा सुरू झाली आणि भरलेले ट्रक मालगाडीच्या सपाट वाघिणींवर चढून प्रवास करू लागले.

या टप्प्याने अपघातही पाहिला आहे. ४ मे २०१४ रोजी, रविवारी सकाळी, दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे आणि रोहा या स्टेशनांच्या दरम्यान निडी गावाजवळ घसरली. इंजिन आणि चार डबे रुळांवरून उतरले. किमान १८ प्रवाशांचा जीव गेला आणि शंभराहून अधिक जखमी झाले. ती प्रवासी गाडी होती. मालगाडी घसरली तर काय होते, याचे उदाहरण ३० सप्टेंबर २०२३ चे आहे. त्या दुपारी पनवेल-कळंबोलीदरम्यान मालगाडीच्या चार वाघिणी आणि ब्रेकव्हॅन घसरली. जीवितहानी झाली नाही, पण गणेशोत्सव आटोपून कोकणातून परतणाऱ्या हजारो प्रवाशांच्या गाड्या तासन्‌तास खोळंबल्या.

मालगाडीत बिघाड नेमका कुठे होतो?

५८ वाघिणींची एक बॉक्सएन मालगाडी धरू. प्रत्येक वाघिणीला चार धुरा आणि आठ चाके. म्हणजे एका गाडीत २३२ धुरा आणि ४६४ चाके झाली. प्रत्येक धुरेच्या दोन्ही टोकांना बेअरिंग असते, म्हणजे बेअरिंगही ४६४. यातले एक जरी निकामी झाले, तरी गाडी घसरू शकते.

बेअरिंग म्हणजे ग्रीसमध्ये फिरणारे पोलादी रोलर. ग्रीस संपले, आत पाणी शिरले किंवा रोलरवर खड्डा पडला, की घर्षण वाढते आणि बेअरिंग तापते. सुरुवातीला हे तापणे बाहेरून दिसत नाही. पुढे धूर येतो, जळका वास येतो, रंग बदलतो. शेवटी धुरेचे टोक मऊ पडून तुटते आणि चाक गाडीखालून निखळते. रेल्वे कर्मचारी याला ‘हॉट अ‍ॅक्सल’ म्हणतात. पहिल्या उष्णतेपासून धुरा तुटेपर्यंतचा काळ कधीकधी फारच थोडा असतो.

दुसरा बिघाड चाकाचा. ब्रेक अडकून चाक फिरण्याऐवजी रुळावर घासत गेले, तर त्याचा एक भाग झिजून चपटा होतो. असे चाक प्रत्येक फेरीला रुळावर हातोड्यासारखे आदळते. चाकाचा व्यास साधारण एक मीटर धरला, तर एका फेरीत ते तीन मीटरांहून थोडे जास्त अंतर कापते. ताशी ६० किलोमीटर वेगाने असे चाक सेकंदाला पाचेक वेळा रुळावर आपटेल. पेण ते रोहा एवढ्या प्रवासात हे आघात साडेबारा हजारांच्या घरात जातात. वाघीण भरलेली असेल, तर प्रत्येक धुरेवर वीस टनांहून अधिक भार असू शकतो.

तिसरा बिघाड रुळाचा. आजचे रूळ एकमेकांना वितळवून जोडलेले असतात. या जोडात किंवा रुळाच्या पोटात बारीक चीर असेल, तर गाड्यांच्या आघातांनी ती वाढत जाते. थंडीच्या पहाटे रूळ आकसतो, ताण वाढतो आणि चिरेचा तडा होतो. उन्हाळ्यात उलट घडते. रूळ प्रसरण पावतो आणि जागा मिळाली नाही तर बाजूला वाकतो. पहिला आणि दुसरा बिघाड वाघिणीचा असला, तरी त्याची किंमत शेवटी रुळालाच मोजावी लागते. आणि त्या रुळावरून पुढची गाडी प्रवाशांची असू शकते.

चौथे कारण मालाचे. वाघिणीत माल एका बाजूला जास्त भरला किंवा क्षमतेपेक्षा अधिक भरला, तर वळणावर चाक उचलले जाण्याचा धोका वाढतो. जादा भार भरल्यास दंडात्मक आकार घेण्याची तरतूद रेल्वे कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे.

बिघाड ओळखण्याची जुनी पद्धत कोणती?

जुनी पद्धत डोळ्यांची आणि कानांची आहे. मालगाडी निघण्यापूर्वी कॅरेज-वॅगन विभागाचे कर्मचारी ती तपासतात आणि ‘ब्रेक पॉवर सर्टिफिकेट’ देतात. काही गाड्यांचे हे प्रमाणपत्र एका फेरीपुरते असते, तर काहींचे ठरावीक दिवस किंवा काही हजार किलोमीटरपर्यंत चालते. म्हणजे एखादी वाघीण एकदा नीट तपासल्यावर पुन्हा नीट तपासली जाईपर्यंत अनेक राज्ये पालथी घालू शकते.

मधल्या काळात नजर ठेवतात ते स्टेशन मास्तर, पॉइंट्समन आणि गेटमन. गाडी जाताना ते बाहेर उभे राहतात. सगळे ठीक असेल तर हिरवा झेंडा, धूर किंवा लोंबणारा भाग दिसला तर लाल झेंडा. रुळांसाठी कीमन रोज आपल्या हद्दीत पायी फिरतो. पावसाळ्यात आणि थंडीत रात्रीची गस्त वाढवली जाते.

या पद्धतीला मर्यादा आहे. बेअरिंग आतून तापते, तेव्हा धूर निघेपर्यंत डोळ्याला काही कळत नाही. शिवाय डोळे कमी होत चालले आहेत. फाटकांच्या जागी उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग होतात. रस्त्यावरच्या वाहनांसाठी ते चांगलेच आहे, पण त्याबरोबर गाडीकडे पाहणारा गेटमनही जातो. मालगाडीच्या शेवटी गार्डऐवजी यंत्र बसवण्याची तयारी चालू आहे. (गार्डचे पदनाम २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ झाले आहे.) माणसांची नजर कमी होत असेल, तर तिची जागा यंत्रांनी घ्यायला हवी. प्रश्न एवढाच की ती घेतली जाते की नाही, हे तपासणार कोण.

यंत्रे कोणती आणि ती काय पाहतात?

पहिले, हॉट अ‍ॅक्सल डिटेक्टर. रुळाच्या कडेला बसवलेला इन्फ्रारेड सेन्सर जाणाऱ्या प्रत्येक बेअरिंगची उष्णता मोजतो. ती ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर इशारा जातो.

दुसरे, चाकाचा आघात मोजणारे यंत्र. रेल्वेत त्याला ‘वाइल्ड’ म्हणतात. रुळावर चिकटवलेल्या संवेदकांतून प्रत्येक चाकाचा भार मोजला जातो. चपटे चाक आदळते, तेव्हा भाराचा आकडा उसळी घेतो. नेहमीचा भार आणि आघाताचा भार यांच्या गुणोत्तरावरून वाघीण पुढे जाऊ द्यायची, दुरुस्तीला पाठवायची की तिथेच वेगळी करायची, हे ठरते. रेल्वेच्या लखनऊच्या संशोधन संस्थेने, म्हणजे आरडीएसओने, आयआयटी कानपूरच्या साहाय्याने अशी देशी यंत्रणा विकसित केली.

तिसरे, आवाजावरून बेअरिंग ओळखणारी यंत्रणा. रुळाकडेचे मायक्रोफोन फिरत्या बेअरिंगचा आवाज टिपतात. रोलरवर खड्डा पडला की ठरावीक लयीत खट-खट येते. बेअरिंग तापण्याच्या आधीच, म्हणजे बरेच आधी, हा दोष कळू शकतो.

चौथे, कॅमेरे. धावत्या गाडीची छायाचित्रे घेऊन संगणकाने लोंबणारे, सैल किंवा गायब भाग शोधायचे. अशी यंत्रे बसवण्यासाठी भारतीय रेल्वे आणि समर्पित मालवाहतूक मार्गाचे महामंडळ यांच्यात जुलै २०२५ मध्ये करार झाला. या महामंडळाचा पश्चिम मार्ग उत्तर प्रदेशातल्या दादरीपासून रायगड जिल्ह्यातल्याच जेएनपीए बंदरापर्यंत आखलेला आहे आणि त्याच्या रचनेतच बिघाड ओळखणारी यंत्रे धरलेली आहेत. जुन्या, मिश्र वाहतुकीच्या मार्गांवर ती नंतर जोडावी लागतात.

पाचवे, रुळासाठी अल्ट्रासोनिक तपासणी. ढकलगाडीवर बसवलेले यंत्र रुळाच्या पोटात ध्वनिलहरी सोडते. आत चीर असेल तर लहर तिथूनच परत फिरते. किती काळाने तपासायचे हे त्या मार्गावरून किती टन वाहतूक गेली यावर ठरते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सिग्नल यंत्रणा म्हणजे बिघाड शोधणारी यंत्रणा नव्हे. रुळातून वीज सोडणारे ट्रॅक सर्किट तडा गेल्यावर अनेकदा खुणावते, कारण विजेचा मार्ग तुटतो. पण अ‍ॅक्सल काउंटर फक्त किती धुरा आत गेल्या आणि किती बाहेर आल्या एवढेच मोजतो. त्याला रुळाचा तडा कळत नाही. ‘कवच’ दोन गाड्यांची टक्कर टाळण्यासाठी आहे. तापलेले बेअरिंग किंवा तुटलेला जोड त्याच्या कक्षेत येत नाही.

यंत्र असूनही अपघात होतो का?

होतो, आणि त्याचे सर्वात चर्चेतले उदाहरण अमेरिकेतले आहे. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायो राज्यातल्या ईस्ट पॅलेस्टाईन या छोट्या गावाजवळ मालगाडीचे ३८ डबे घसरले. त्यातले ११ डबे घातक रसायनांचे होते. तीन दिवसांनी अधिकाऱ्यांनी व्हिनाइल क्लोराइडचे पाच डबे मुद्दाम फोडून जाळले. आजूबाजूच्या लोकांना घरे सोडावी लागली. तो निर्णय अनावश्यक होता, असे तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२४ मध्ये सांगितले.

या गाडीच्या वाटेवर डिटेक्टर होते. पहिल्याने एक बेअरिंग भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे २१ अंश सेल्सिअसने गरम असल्याचे नोंदवले. दुसऱ्याने फरक ५७ अंशांचा दाखवला. पण कंपनीची गाडी थांबवण्याची मर्यादा सुमारे ९४ अंशांच्या फरकाची होती, म्हणून गाडी पुढे गेली. तिसरा डिटेक्टर सुमारे ३१ किलोमीटरवर होता. तिथे फरक १४१ अंश निघाला, इशारा वाजला, चालकाने ब्रेक लावले, पण तोवर उशीर झाला होता.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. यंत्रांमधले अंतर महत्त्वाचे असते, आणि कोणत्या आकड्याला गाडी थांबवायची हा निर्णय त्याहून महत्त्वाचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या डिटेक्टरमधले ३१ किलोमीटर पेण-रोहा टप्प्यात सहज मावतात.

अमेरिकेत राज्ये कायदा करतात, मग महाराष्ट्र का करू शकत नाही?

ईस्ट पॅलेस्टाईननंतर ओहायो राज्याने मार्च २०२३ मध्येच कायदा केला. मालगाडीवर किमान दोन कर्मचारी आणि रुळाकडेच्या डिटेक्टरांमधल्या अंतराकडे राज्याच्या आयोगाने लक्ष द्यावे, असे त्यात आले. अमेरिकेचा १९७० चा रेल्वे सुरक्षा कायदा राज्यांना मर्यादित जागा देतो. केंद्राने एखाद्या विषयावर नियम केलेला नसेल, तर राज्याला तो करता येतो. खास स्थानिक धोक्यासाठी राज्य अधिक कडक नियमही करू शकते. हॉट अ‍ॅक्सल डिटेक्टर बसवाच, अशी सक्ती करणारा केंद्रीय नियम तिथे नव्हता, म्हणून राज्ये पुढे आली. तरी ते सोपे नाही. रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने ओहायोच्या दोन कर्मचाऱ्यांच्या अटीला न्यायालयात आव्हान दिले.

भारतात अशी जागाच नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीत २२ व्या क्रमांकावर ‘रेल्वे’ आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात ‘लघु रेल्वे’ हा विषय प्रांतांकडे ठेवलेला होता. १९५० च्या संविधानाने तो फरक ठेवला नाही. राज्य सूचीत रस्ते, पूल, रोपवे आणि नगरपालिकांच्या ट्रामगाड्या आहेत, रेल्वे नाही. त्यामुळे ‘पेण ते रोहा दर १५ किलोमीटरवर हॉट अ‍ॅक्सल डिटेक्टर हवा’ असा कायदा मुंबईत किंवा नागपुरात बसून करता येणार नाही. तो दिल्लीतच करावा लागेल.

मग दिल्लीत नियम काय आहे?

मुख्य कायदा रेल्वे अधिनियम, १९८९. तो सुरक्षेची चौकट देतो, पण बिघाड ओळखणारी यंत्रे किती अंतरावर असावीत, किंवा किती तापमानाला गाडी थांबवावी, याचे कलम त्यात नाही. हे सगळे रेल्वे मंडळाचे आदेश, आरडीएसओची मानके आणि विभागीय नियमपुस्तिका यांतून ठरते. म्हणजे गाडी चालवणारी यंत्रणाच आपल्यासाठी नियमही ठरवते.

यावर बाहेरची नजर म्हणून रेल्वे सुरक्षा आयोग आहे. १९४१ मध्ये तपासणी अधिकाऱ्यांना रेल्वे मंडळापासून वेगळे केले गेले. आज हा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. हेतू स्पष्ट आहे. ज्याची चौकशी करायची, त्याच्याच हाताखाली चौकशी अधिकारी नसावा.

पण आयोगाच्या कामाची आखणी प्रवाशांभोवती झाली आहे. कलम २१ नुसार ‘प्रवाशांच्या सार्वजनिक वाहतुकीसाठी’ मार्ग खुला करण्यापूर्वी केंद्राची मंजुरी लागते आणि त्याआधी आयुक्त तपासणी करतो. कलम ११४ नुसार प्रवासी गाडीच्या अपघातात जीव गेला, कुणी गंभीर जखमी झाले किंवा रेल्वेच्या मालमत्तेचे मोठे नुकसान झाले, तर आयुक्ताने चौकशी करणे अपेक्षित आहे. इतर अपघातांची चौकशीही तो गरज वाटल्यास करू शकतो, पण ते त्याच्या मतावर आहे. आयुक्ताने चौकशी केली नाही, तर कलम ११५ नुसार रेल्वे प्रशासन स्वतःच ती करते.

याचा अर्थ निडीजवळ पॅसेंजर घसरली, तेव्हा बाहेरची चौकशी कायद्याने ठरलेली होती. त्याच जागी माणूस न दगावता मालगाडी घसरली असती, तर चौकशी बहुधा रेल्वेच्याच अधिकाऱ्यांच्या समितीने केली असती. बेअरिंग, चाक आणि भार यांचे प्रश्न मुख्यतः मालगाड्यांत येतात. तिथेच बाहेरची नजर सर्वात कमी आहे.

राज्याच्या हातात काहीच नाही का?

आहे, पण अपघाताच्या आधी कमी आणि नंतर जास्त.

राज्य सूचीत दुसऱ्या क्रमांकावर ‘पोलीस’ आहे आणि त्यात रेल्वे पोलिसांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून लोहमार्ग पोलीस राज्याचे असतात. गंभीर अपघात झाला की कलम ११३ नुसार स्टेशन मास्तरने जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना विनाविलंब कळवायचे असते. रायगडपुरते बोलायचे तर हा निरोप अलिबागला जातो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. रुग्णवाहिका, अग्निशमन, गावे रिकामी करणे, रुग्णालये सज्ज ठेवणे ही सगळी कामे राज्याची यंत्रणा करते.

रसायनांबाबत राज्याचा हात कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचतो. घातक रसायने साठवणाऱ्या कारखान्यांवर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे लक्ष असते आणि कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा जिल्हा प्रशासनाकडे असतो. नागोठण्याला या आराखड्याचे मोल वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर १९९० मध्ये तिथल्या वायू प्रकल्पातल्या स्फोटात तिसाहून अधिक माणसे दगावली होती. पण तेच रसायन वाघिणीत भरून रुळावर आले की विषय बदलतो. तिथे रेल्वे कायद्याचे कलम ६७ आणि रेल्वेचे ‘रेड टॅरिफ’ नियम लागू होतात. माल धोकादायक असल्याची लेखी सूचना पाठवणाऱ्याने रेल्वेला द्यायची असते.

थोडक्यात, टाकी कारखान्यात असेल तर राज्याचा निरीक्षक ती तपासू शकतो. तीच टाकी चाकांवर चढून शेजारच्या गावातून गेली, तर तिच्या चाकांबद्दल विचारण्याचा कायदेशीर अधिकार त्याला राहत नाही. तिला आग लागली, तर विझवायला मात्र त्याच्याच राज्याची यंत्रणा जाते.

रोह्याच्या हद्दीत आणखी काय गुंतागुंत आहे?

रोह्याला मालक बदलतो. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले, तेव्हा भांडवलात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२ टक्के, कर्नाटकाचा १५ टक्के आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा होता. म्हणजे रोह्याच्या दक्षिणेला महाराष्ट्र नियामक नसला, तरी भागधारक आहे. संचालक मंडळात प्रश्न विचारणे, यंत्रांवरच्या खर्चाचा आग्रह धरणे हे त्याला करता येते. रोह्याच्या उत्तरेला, पेण-नागोठण्याच्या बाजूला, हेही साधन नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्राने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला, ‘कोकण रेल्वे’ हे नाव टिकवण्याच्या अटीवर, संमती दिली. विलीनीकरणाने निधीचा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा आहे. त्याबरोबर राज्याची संचालक मंडळातली खुर्ची जाईल, हेही लक्षात घ्यावे लागेल.

दुसरी गोष्ट अशी की वाघीण हद्द पाळत नाही. उत्तरेकडच्या चाकाचा दोष दक्षिणेकडच्या रुळाला इजा करतो. म्हणून यंत्र हद्दीच्या अलीकडे असावे की पलीकडे, त्याचा इशारा कोणत्या नियंत्रण कक्षात वाजावा आणि गाडी थांबवण्याचा आदेश कुणी द्यावा, हे आधीच लिहून ठरलेले असावे लागते. रोहा-वीर दुहेरीकरण २०२१ मध्ये झाले, कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. मार्गाची क्षमता वाढली की त्यावरची देखरेखही त्या प्रमाणात वाढावी लागते.

काय बदलता येईल?

सूचना नव्या नाहीत. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. नियम करणे, गाड्या चालवणे आणि नियमन करणे ही तिन्ही कामे रेल्वे मंडळाकडेच एकवटली आहेत, हे तिने दाखवले आणि वैधानिक, स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली. ते प्राधिकरण झाले नाही. सुरक्षेसाठी १ लाख कोटी रुपयांचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष २०१७-१८ मध्ये जाहीर झाला. पण गाड्या घसरण्याच्या घटनांवरील ‘कॅग’च्या २०२२ च्या अहवालात, ट्रॅक रेकॉर्डिंग कारने करायच्या तपासण्यांत ३० ते १०० टक्के तूट आढळली. पैसा आणि यंत्र असूनही तपासणी वेळेत झाली नाही, तर त्याचा उपयोग नाही.

संविधान न बदलताही तीन गोष्टी शक्य आहेत. पहिली, मिश्र वाहतुकीच्या मार्गांवर यंत्रांमधले कमाल अंतर आणि गाडी थांबवण्याची मर्यादा रेल्वेने नियम म्हणून जाहीर करणे. दुसरी, घातक माल असलेल्या मालगाडीच्या अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे बंधनकारक करणे. यासाठी संसदेला कलम ११४ मध्ये दुरुस्ती करावी लागेल. तिसरी, जिल्हा आपत्ती आराखड्यात रेल्वेमार्गाचा स्वतंत्र विभाग आणि रेल्वेबरोबर संयुक्त सराव. यासाठी कायदा लागत नाही. अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची आणि मध्य व कोकण रेल्वेच्या अधिकाऱ्यांची बैठक पुरे.

सामान्य नागरिकाने काय करावे?

धावत्या मालगाडीच्या चाकाशी धूर किंवा ठिणग्या दिसल्या, काही लोंबताना दिसले, ठरावीक लयीत जोराचा ठोका ऐकू आला किंवा रुळाला तडा दिसला, तर जवळच्या फाटकावरच्या गेटमनला किंवा स्टेशन मास्तरला लगेच सांगावे. दोघेही जवळ नसतील, तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन करावा. सांगताना जवळचे स्टेशन, गाडी कोणत्या दिशेला गेली आणि रुळाकडेच्या खांबावरचा किलोमीटर क्रमांक सांगितला, तर नियंत्रण कक्षाला जागा शोधणे सोपे जाते. रुळावर मात्र उतरू नये.

खासदारांना विचारायचा प्रश्नही नेमका ठेवता येतो : पनवेल ते रोहा या टप्प्यात बेअरिंगची उष्णता आणि चाकाचा आघात मोजणारी किती यंत्रे चालू आहेत, दोन यंत्रांत किती अंतर आहे आणि गेल्या वर्षभरात त्यांच्या इशाऱ्यावरून किती वाघिणी बाजूला काढल्या? हा विषय केंद्राचा असल्याने उत्तर देण्याची जबाबदारी लोकसभेत रेल्वेमंत्र्यांवर येते. आमदारांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे : अशी गाडी पेण किंवा नागोठण्याच्या वस्तीत घसरली, तर पहिल्या तासात कोण काय करणार, हे जिल्ह्याच्या आराखड्यात लिहिलेले आहे का?